चूक दीर्घ लिहायची

हॅलोकाकूंचं खरं नाव हजेरीच्या यादीत होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. बाकी सगळ्या जगाला त्या हॅलोकाकू. बावीस वर्षांपूर्वी टायपिंगच्या कामाला म्हणून त्या कंपनीत आल्या. पहिल्याच दिवशी कोपऱ्यातला फोन ऊर बडवून घेत होता आणि कुणी उचलेना, म्हणून शेवटी यांनी उचलला. पलीकडे रडकुंडीला आलेले एक मास्तर होते. काकूंना तेव्हा कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "समोर काय दिसतंय ते मला सावकाश वाचून दाखवा बघू." मास्तरांनी वाचलं, आणि तिसऱ्या ओळीला त्यांचं त्यांनाच उमगलं. "फार हुशार आहात हो तुम्ही," म्हणून त्यांनी फोन ठेवला. काकूंनी हे फुकटचं कौतुक पदरात पाडून घेतलं आणि फोन कायमचा त्यांच्या टेबलावर आला.

कंपनीचा प्रोग्रॅम एकच, 'तासिका'. शाळांची वेळापत्रकं करणारा. बाहेरच्या माणसाला वाटतं, त्यात काय एवढं? ज्याने एकदा तरी शाळेचं वेळापत्रक केलंय त्याला विचारा. गणिताच्या बाई एकाच वेळी पाचवीत आणि आठवीत असता कामा नयेत. खेळाचा तास डबा खाल्ल्या खाल्ल्या नको. आणि अमुक सरांचं तमुक सरांशी विळ्याभोपळ्याचं सख्य, म्हणून त्यांना शेजारशेजारच्या वर्गांत टाकायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी प्रोग्रॅम सांभाळायचा. तिसरी काकू सांभाळायच्या, कारण चारशे शाळांतली भांडणं त्यांना तोंडपाठ होती.

त्यांच्या आवाजाचं श्रेय मात्र त्यांच्या सासूबाईंना द्यायला हवं. सासूबाईंना कमी ऐकू यायचं. लग्न झाल्यापासून काकूंना प्रत्येक वाक्य एकेक शब्द सुटा करून, ठणठणीत आवाजात आणि तरीही न चिडता बोलायची सवय लागली. घाबरलेल्या माणसाशीही नेमकं असंच बोलावं लागतं, हे त्यांना फोनवर कळलं. नवरा शिलाई मशीनं दुरुस्त करायचा आणि दिवसाकाठी दहाबारा शब्दांत भागवायचा. म्हणजे घरात बोलायचं ते ओरडून किंवा मग एकटीनेच. मनासारखं बोलायला काकू ऑफिसात यायच्या.

कंपनी काढली ती एका निवृत्त शाळामास्तरांनी. ते होते तोवर सगळं आलबेल होतं. पुढे ते थकले, घरी बसले आणि कारभार जावयाच्या हाती गेला. सगळं ऑफिस त्यांना पाठीमागे जावईबापू म्हणायचं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. हसतमुख, नीटनेटका, कुणावर कधी आवाज चढवलेला नाही. फक्त त्यांना दर सोमवारी नवी दिशा सापडायची. 'तासिका' शाळांनाच का, म्हणून ते दवाखान्यांसाठी केलं. मग व्यायामशाळांसाठी. मग पाळीव कुत्र्यांना फिरवायचं वेळापत्रक केलं, ते कुत्र्यांनी पाळलं नाही. एवढ्या दिशांना तोंड फिरवता फिरवता शाळांकडे पाठ झाली. चारशे शाळांच्या एकशे सदतीस उरल्या आणि चाळीस माणसांची सहा. प्रशिक्षणाच्या खोलीतली बाकं काढून जावईबापूंनी तिथे मऊ मऊ गोण्यांसारखी आसनं आणली होती. त्यात बसलेल्याला उठवायला दुसरा माणूस लागे, आणि दुसरी माणसंच उरली नव्हती. कॉफीचं यंत्र होतं, पण ते आताशा नुसतं गरम पाणी द्यायचं. काकू घरून चहाची पूड आणायच्या आणि सगळ्यांना पाजायच्या.

तर शाळा उघडायच्या आधीच्या सोमवारी जावईबापू दोन दिवसांचं कसलंसं शिबिर करून आले, ते उजळलेल्या चेहऱ्यानेच.

"आपण ग्राहक का गमावतो, मला कळलंय," ते म्हणाले. "आपल्या प्रोग्रॅममध्ये एक शब्द तीनशे बारा वेळा येतो. चूक! दिवसभर आपण लोकांना चूक, चूक म्हणतो. कोण थांबेल आपल्याकडे? आजपासून चूक हा शब्द बंद. त्या जागी संधी."

"सगळीकडे?" कंसमामाने विचारलं.

"सगळीकडे."

कंसमामा म्हणजे कंपनीतला उरलासुरला एकमेव प्रोग्रॅमर. नोकरीला लागला तेव्हा तो एक कंस बंद करायला विसरला होता आणि त्यापायी अख्खा प्रोग्रॅम दिवसभर झोपला. नाव पडायला तेवढं पुरे झालं. वाद घालायचा त्याचा स्वभाव नव्हता. त्याने पडद्यावर येणाऱ्या संदेशांत 'चूक' शोधलं, 'संधी' घातलं आणि एक बटण दाबून तीनशे बारा ठिकाणी सकारात्मकता पसरवली.

त्याच बैठकीत दुसरी बातमी आली. लोकांच्या अडचणी आता 'मित्र' नावाचा नवा प्रोग्रॅम आपोआप सोडवणार होता. फोनची गरज उरली नव्हती. "पुढच्या सोमवारी अकराला फोन कंपनीचा माणूस येऊन लाइन काढून नेईल," जावईबापू म्हणाले.

"आणि मी?" काकूंनी विचारलं.

"तुम्हाला आपण नव्या भूमिकेत बघतोय, काकू."

"कोणत्या?"

"ती दिशा अजून ठरायचीय."

काकूंना स्वतःच्या खुर्चीची काळजी नव्हती असं नाही, पण त्याहून जास्त त्यांना त्या एकशे सदतीस शाळा डोळ्यांपुढे दिसायला लागल्या. कुणीतरी नंबर फिरवणार, पलीकडे काहीच वाजणार नाही, आणि तो माणूस कॉम्प्युटरपुढे एकटा बसून राहणार. हे त्यांना सहन होईना. फोन वाचावा, एवढं एकच त्यांना हवं होतं, आणि ते मागायचं कुणाकडे तेच कळत नव्हतं.

घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "सोमवारी फोन काढणार आहेत."

नवऱ्याने हातातला स्क्रू खाली ठेवला. त्याच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट होती. पलंगावरून सासूबाई मात्र ताडकन उठून बसल्या.

"सून काढणार? आणि मग माझ्याकडे बघणार कोण?"

"सून नाही हो आई, फोन! फोन!"

"तेच म्हणते मी. तीस वर्षांची सून अशी कशी काढतात? मी बोलते त्यांच्याशी!"

काकूंना इतकं हसू आलं की डोळ्यांतलं पाणी कशाचं, ते कुणाला ओळखता आलं नसतं.

गुरुवारी संध्याकाळी नवे शब्द सगळ्या शाळांच्या कॉम्प्युटरवर पोचले. ते पोचवणारा जुना सर्व्हर जावईबापूंनी लगेच कायमचा बंद करून टाकला, कारण पुढचं सगळं 'मित्र' बघणार होता. शुक्रवारी सकाळी साडेदहाला काकूंचा फोन वाजला. पलीकडे चित्रकलेचे एक सर होते.

"काकू, सोमवारी मी नेमका कुठं उभा राहू?"

"म्हणजे?"

"पहिल्या तासाला मी पाचवीत आहे, सहावीत आहे, सातवी ब मध्ये आहे आणि ग्रंथालयातही आहे."

"पडद्यावर काय आलंय ते वाचा."

"'गंभीर संधी', असं आलं होतं. मग, 'एकूण चुका शून्य. असंधी वेळापत्रक तयार आहे. अभिनंदन.' काकू, असंधी म्हणजे काय हो?"

काकूंनी तोंडावर हात धरला. 'अचूक'चं असंधी झालं होतं. 'चुका' मात्र शाबूत राहिल्या होत्या, कारण त्यांतला उकार ऱ्हस्व. व्याकरणाने जमेल तेवढी अब्रू राखली होती. पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती, कारण सरांनी फोन ठेवला तसे तीन शाळांचे फोन ओळीने आले. एका ठिकाणी संगीताच्या बाई सहा वर्गांत एकाच वेळी गाणार होत्या. दुसऱ्या शाळेत शिपाईच भूगोल शिकवणार होता.

काकूंनी कंसमामाला हाक मारली. तो आला, दोन मिनिटं पडद्याकडे बघत राहिला आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

"काकू, माझ्यामुळे झालंय हे."

"ते मग बघू. झालं काय ते सांग."

"एकच शिक्षक दोन वर्गांत आला की प्रोग्रॅम 'चूक' असं छापतो. आणि मग... मग तो स्वतःच छापलेलं वाचतो. त्यात चूक हा शब्द दिसला तर थांबतो, नाही दिसला तर पुढे जातो."

"म्हणजे आता त्याला दिसतेय संधी."

"हो. म्हणून तो खुशाल पुढे जातोय."

"असं रे कसं केलंस, बाबा?"

"तात्पुरतं केलं होतं, काकू."

"कधी?"

"अठरा वर्षं झाली."

दोघं मिळून जावईबापूंच्या काचेच्या खोलीत गेले. सगळं ऐकल्यावर ते आधी म्हणाले, की याकडे आपण सकारात्मक दृष्टीने पाहू. मग म्हणाले, जुने शब्द परत पाठवून द्या. "कशावरून पाठवू?" कंसमामाने विचारलं. "सर्व्हर काल बंद केलात." जावईबापूंनी 'मित्र'ला विचारून पाहिलं. 'मित्र' म्हणाला, आपल्या प्रश्नातली संधी मला समजली आहे. त्यावर जावईबापूंचा चेहरा असा झाला, की काकूंना त्यांची खरोखर दया आली. एरवी झुलणारी त्यांची खुर्ची गप्प झाली होती.

"सोमवारी शाळा उघडतायत," ते हळूच म्हणाले. "सासरेबुवांना कळलं तर?"

"मास्तरांचं राहू द्या," काकू म्हणाल्या. "शाळेच्या कॉम्प्युटरवर 'संदेश' नावाची फाइल असते. तिच्यातल्या एका ओळीत संधीच्या जागी चूक लिहिलं की झालं ना रे, मामा?"

"सातवी ओळ. मग वेळापत्रक पुन्हा काढलं की झालं."

"मग लिहून घेऊ. एकशे सदतीस शाळा, माणसं तीन, दिवस अडीच. माझ्या वहीत सगळ्यांचे घरचेसुद्धा नंबर आहेत. चला."

"तीन कोण?" जावईबापूंनी विचारलं.

"मी, मामा आणि तुम्ही," काकू म्हणाल्या, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कंपनीच्या मालकाला स्टूल ओढून आपल्या टेबलाशी बसवलं.

सांगायला सोपं वाटतं, एका शब्दाच्या जागी दुसरा लिहा. पण फोनवरून लिहून घ्यायचं म्हणजे काय, ते काकूंनाच ठाऊक. आधी त्या विचारायच्या, चहा झाला का? मग खुर्चीत टेकून बसायला सांगायच्या. हात कॉम्प्युटरच्या उंदरावरून काढून मांडीवर ठेवायला लावायच्या, कारण घाबरलेला माणूस ऐकायच्या आधी दाबतो. मग फाइल. मग ओळी मोजायच्या, मोठ्याने, एक-दोन-तीन, दोघांनी बरोबरच. अर्ध्या तासात तीन शाळा मार्गी लागल्या, आणि चौथ्या शाळेचा फोन परत आला. लिहिलं तरी काही होत नाही म्हणे.

"काय लिहिलंत?" काकूंनी विचारलं.

"चूक."

"उकार कसा दिलात, सर? ऱ्हस्व की दीर्घ?"

सर गणिताचे होते.

"त्याने काय फरक पडतो?"

"इथे पडतो. पहिला उकार दिलात तर तो ओळखत नाही. दीर्घ द्या, शेपटी लांब."

तिथून पुढे तिघांच्याही तोंडी तेच वाक्य बसलं. चूक दीर्घ लिहायची. ऑफिसात दिवसभर त्याचाच गजर. विज्ञानवाले हमखास ऱ्हस्व लिहायचे, भाषावाले उलट यांनाच ऐकवायचे की हे आम्हाला सांगता? एक मुख्याध्यापक केस कापायला बसले होते. त्यांनी गळ्याभोवती कापड तसंच ठेवून शाळेत बसलेल्या क्लार्कला दुसऱ्या फोनवरून सांगितलं, तेव्हा दुकानातली बाकीची गिऱ्हाइकंही ओरडून सांगू लागली, "दीर्घ, दीर्घ!" काकू हसून हसून बेजार झाल्या. कंसमामासुद्धा हसला. तो हसतो हे पुष्कळ जणांना माहीतच नव्हतं.

जावईबापूंची पहिली गाठ पडली ती नेमकी मोठ्या बाईंशी. मोठ्या बाई म्हणजे नदीपलीकडच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्यापुढे भले भले चळाचळा कापत.

"नमस्कार मॅडम, आपल्या वेळापत्रकात एक संधी निर्माण झाली आहे," जावईबापूंनी सुरुवात केली.

"काय निर्माण झालंय?" पलीकडचा आवाज काकूंनाही ऐकू आला.

"म्हणजे एक सुधारणेला वाव असलेली..."

"मराठीत सांगा."

जावईबापूंनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी वहीत डोकं घातलं. अशा वेळी मदतीला धावायचं नसतं, हेही त्या फोननेच शिकवलं होतं.

"चूक झाली," जावईबापू म्हणाले. मग घसा साफ करून पुन्हा, "माझी चूक झाली, बाई."

"हां. आता कळलं," मोठ्या बाई एकदम मऊ आवाजात म्हणाल्या. "होतं असं. सांगा, कुठं काय लिहायचंय?"

फोन ठेवल्यावर जावईबापूंनी शर्टाची वरची गुंडी काढली आणि बाह्या दुमडल्या. त्यानंतर प्रत्येक शाळेला त्यांनी पहिलं वाक्य तेच सांगितलं, आणि ज्याला त्याला ते एका मिनिटात कळलं. शनिवारी दुपारपर्यंत ते उकार तपासण्यात कंसमामाच्याही पुढे गेले. एका सरांशी अर्धा तास बोलत होते. काकूंनी कान दिला तर सर आपल्या सुनेची तक्रार सांगत होते, आणि जावईबापू मन लावून ऐकत होते. चार वर्षांत या माणसाने ग्राहकांवर तीसचाळीस भाषणं दिली होती. ग्राहक ऐकला तो आत्ता पहिल्यांदाच. काकूंना त्या क्षणी ते आवडले, अगदी मनापासून आवडले.

रविवारी चारच्या सुमाराला एकशे सदतिसाव्या नावावर काट मारली गेली. तिघांनी गरम पाण्यात काकूंची पूड घालून चहा केला आणि त्या मऊ गोण्यांत जाऊन पडले. तिघंही एकदम पडल्यामुळे उठवायला कुणी उरलं नाही, त्यावरून पुन्हा हसणं झालं. फोनच्या लाइनीबद्दल कुणीच काही बोललं नाही. काकूंच्या ओठांवर दोनदा आलं होतं. पण माणूस नुकता वठणीवर येत असताना त्याच्याकडे लगेच काही मागणं त्यांना बरं वाटेना, म्हणून त्यांनी गिळलं.

तीन दिवसांत कंपनी तरली, असं मात्र कुणी समजू नये. शाळा होत्या तेवढ्याच राहिल्या, रिकाम्या खुर्च्या रिकाम्याच होत्या, आणि जावईबापूंना पुढच्या सोमवारी आणखी एखादी दिशा दिसणार नाही याची हमी त्यांच्या सासऱ्यांनीही दिली नसती.

सोमवार उजाडला. काकू नेहमीपेक्षा अर्धा तास आधी येऊन बसल्या. आठ वाजता शाळा भरल्या असतील. साडेआठ झाले, नऊ झाले. फोन मुका. गेली बावीस वर्षं शाळा उघडायच्या दिवशी या फोनने श्वास घ्यायला उसंत दिली नव्हती. काकूंनी दोनदा उचलून पाहिलं, चालू आहे ना म्हणून. सगळं बरोबर झालंय म्हणून गप्प आहे, की सगळ्यांनीच नाद सोडला? कंसमामा नखं खात होता. जावईबापू येरझाऱ्या घालत होते.

अकराला पाच मिनिटं असताना फोन कंपनीचा माणूस आला. खांद्याला पिशवी, हातात पक्कड आणि सहीचा कागद. "लाइन काढायचीय ना? कुठला फोन?" म्हणत त्याने काकूंच्या टेबलामागची तार हाताने चाचपली. काकू खुर्ची सरकवून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, आपण काहीतरी बोलायला हवं, आणि नेमका त्यांचा तो ठणठणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

तेवढ्यात फोन वाजला. जावईबापू जवळ होते, त्यांनी झडप घालून उचलला.

"मोठ्या बाई आहेत," ते हात आडवा धरून म्हणाले.

"काय झालं?" काकूंचा चेहरा उतरला.

"काही झालं नाही म्हणतायत. वर्ग भरले. प्रत्येक वर्गात एकेक बाई आहेत, जिथल्या तिथे. एवढंच कळवायचं होतं. तुमच्याशी बोलायचंय त्यांना."

काकूंनी फोन कानाला लावला. अडलेला माणूस कसा सोडवायचा हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. पण ज्याचं काहीच अडलेलं नाही अशा माणसाचा फोन त्यांना आजवर आलेलाच नव्हता, आणि काय बोलावं ते त्यांना सुचेना. डोळे मात्र भरून आले. मग मोठ्या बाईंनीच गुडघेदुखीचा विषय काढला. काकूंनी सासूबाईंच्या गुडघ्यांचं सांगितलं, त्यावरून सासूबाईंनी ऐकलेली ती 'सून काढणार'ची गोष्ट निघाली, आणि पलीकडे मोठ्या बाई, ज्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं, त्या खदखदून हसायला लागल्या. फोनवरचा दुसरा लाल दिवा लुकलुकू लागला, म्हणजे आणखी एक शाळा बोलायला थांबली होती. मग तिसरा.

लाइनमन ताटकळला होता. "साहेब, कापू ना?"

"थांबा जरा. त्या बोलतायत."

"किती वेळ लागेल?"

जावईबापूंनी काकूंकडे पाहिलं. काकू टेबलावर एक हात टेकून, डोळे पुसत पुसत, कुणाला तरी एकेक शब्द सुटा करून गरम पाण्याचा शेक कसा घ्यायचा ते समजावत होत्या.

"त्यांचं बोलणं काही संपायचं नाही," जावईबापू म्हणाले. "आणा तो कागद इकडे. लाइन काढू नका, हे कुठं लिहायचं?"

लाइनमनने पक्कड पिशवीत टाकली आणि खिशातलं पेन काढून दिलं.